कुत्र्यांच्या परीक्षेला कॉलेजचं आवारच का शोधतात?

अमेरिकन केनेल क्लबची एक परीक्षा आहे, व्हेरिएबल सरफेस ट्रॅकिंग, सगळे नुसतं व्हीएसटी म्हणतात. १९९५ पासून चालू आहे. एक अनोळखी माणूस ६०० ते ८०० यार्ड चालत जातो, वाटेत चार वस्तू टाकतो, आणि ३ ते ५ तासांनी कुत्र्याने त्याचा माग काढायचा. गंमत म्हणजे हे शेतात किंवा रानात नाही तर भर वस्तीत, आणि मागाचा एक तृतीयांश ते अर्धा भाग जिथे गवताचं पातंही नाही अशा जमिनीवरून गेला पाहिजे, म्हणजे डांबर, काँक्रीट, खडी वगैरे.

आता खरी अडचण इथेच आहे. आपल्या अंगावरून दर मिनिटाला त्वचेचे हजारो बारीक कण गळत असतात, त्यांच्यावरचे जिवाणू वास तयार करतात. गवतात हे कण अडकून बसतात, ओलावाही मिळतो, वर तुडवलेल्या गवताचा स्वतःचा वास असतोच. डांबरावर मात्र धरून ठेवायला काही नाही, वारा आला की कण सरकत सरकत फुटपाथच्या कडेला, भिंतीच्या पायथ्याशी, पायरीच्या कोपऱ्यात जाऊन साचतात. त्यामुळे माणूस चालला पार्किंगच्या मधून आणि कुत्रा निघालाय भिंतीला नाक लावून, असं दिसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं चुकला. चुकलेला नसतो बरं का!

म्हणून जागा निवडताना बिल्डिंग किती भारी आहेत ते बघू नये, वारा कुठून घुसतो ते बघावं. दोन उंच इमारतींमधली बोळ म्हणजे वास भोवऱ्यात सापडणार. मोकळंढाकळं मोठं पार्किंगही माझ्या मते वाईटच, आडोसा नाही, दुपारी डांबर तापलं की हवा वर उठते आणि वास तिच्याबरोबर. बैठ्या इमारती, मध्ये लॉन, बाजूला पायवाटा, छोटी पार्किंग असं कॉलेजमध्ये आयतं मिळतं, शिवाय रविवारी सकाळी तिथे कुणी नसतं. ऑफिस पार्कही चालतात.

परवानगी घेतानाच माळीकामवाल्यांना दोन गोष्टी विचारून ठेवायच्या, स्प्रिंकलर किती वाजता सुरू होतात आणि पालापाचोळा उडवायचं मशीन कोणत्या दिवशी फिरतं. हलका ओलावा वासाला पोषकच, पण फरशीवरून पाणी वाहिलं की कण गटारात, आणि त्या मशीनने तर पाच मिनिटांत अख्खा माग पुसला जातो.