गारठलेलं रेझिन वेगळं, रवा धरलेलं वेगळं

थंडी पडली की मराठवाड्यात इपॉक्सी रेझिनची, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या द्रवाची, टेबलं ओतणाऱ्यांची एकच तक्रार ऐकू येते: ‘बल्बची पेटी केली, रात्रभर बाटली आत ठेवली, तरी तळाचं पांढरं जात नाही.’ जाणारच नाही. बल्बच्या उबेने बाटल्या कोमट ठेवणारी ती पेटी त्या कामाची नाही.

गारठलेलं रेझिन सगळ्यांनी पाहिलंय. परभणीकडे पहाटे पारा 10 अंशांच्या खाली जातो, पत्र्याच्या शेडमधलं इपॉक्सी दाट होतं, ओतताना बुडबुडे अडकतात. पण ते आरपार स्वच्छ दिसतं आणि 25-30 अंशांत ठेवलं की पुन्हा पातळ होतं. पेटीचं काम एवढंच.

रवा धरलेलं म्हणजे बारीक स्फटिक झालेलं रेझिन. त्याच्या बाटलीच्या तळाला बॅटरीचा उजेड लावून पाहा. धुरकट पांढरा थर दिसेल. हातमोजा घालून थेंब बोटांत चोळा, कचकच लागते. रेझिन वाया गेलेलं नसतं, मध साखरतो तसं ते साखरलेलं असतं. याला नुसती थंडी कारण नाही. दुपारी 30 अंश, पहाटे 10, असा रोजचा चढउतार रव्याला फार मानवतो, आणि आपल्याकडचा हिवाळा नेमका तसाच. पेटीने तापमान एकसारखं राहतं, म्हणून रवा धरण्याआधी ती उपयोगी. एकदा धरला की 30 अंशांत तो हलत नाही.

त्यासाठी 50 ते 55 अंशांचं पाणी लागतं. झाकण घट्ट लावून बाटली त्यात ठेवा, पाणी निवलं की बदला, अधूनमधून बाटली हलवा. मोठ्या कॅनला काही तास लागतात. तळ पूर्ण स्वच्छ होईपर्यंत थांबा, कारण चिमूटभर रवे राहिले तरी त्यांच्याभोवती पुन्हा रवा धरतो. गरम हवेची हीटगन बाटलीवर धरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो: बाहेरचं प्लास्टिक वाकतं, आतला थर तसाच राहतो. काही जण पेटीचंच तापमान 55 वर नेऊन ठेवतात, तेही करू नका. त्याच पेटीत हार्डनर असतो, आणि त्याला एवढ्या तापाची गरज नाही.

विरघळलेलं रेझिन निवल्याशिवाय हार्डनर घालायचा नाही. तापमान 10 अंशांनी वाढलं की मिश्रण घट्ट होण्याआधी हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. 50 अंशांवर मिसळलंत तर डब्यातच उकळून धूर निघेल.

पेटीचं थोडक्यात: प्लायवूड, आतून थर्माकोल, 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी नको, त्याची ऊब पुरत नाही. बल्ब चिनी मातीच्या होल्डरमध्ये बसवा आणि थर्माकोलच्या आड पत्रा घाला, नाहीतर आग लागेल. थर्मोस्टॅटचा सेन्सर बाटलीच्या तळाशी चिकटवा. बल्बजवळ टांगला की तिथली हवा तापते, थर्मोस्टॅट बल्ब बंद करतो आणि बाटली गारच राहते.