लग्नाची सीडी आणि २०४८ हा आकडा

सांगलीत कृष्णाकाठच्या कितीतरी घरांत लग्नाच्या सीडी अजून कपाटात जपून ठेवलेल्या आहेत. लिनक्सच्या टर्मिनलवर डीडी (dd) ही कमांड चालवून त्यांची इमेज, म्हणजे पूर्ण सीडीची जशीच्या तशी नक्कल एका फाईलमध्ये, काढायला बसलं, की फोटोंची सीडी मुकाट्याने उतरते आणि लग्नाची सीडी, एकही चरा नसताना, ‘इनपुट/आउटपुट एरर’ देऊन अडते. असं का होतं, ते सीडीच्या जन्मापासून पाहावं लागतं.

सीडी १९८२ साली बाजारात आली ती गाण्यांसाठी. सेकंदाला ७५ सेक्टर (सीडीवरचे ठरावीक मापाचे तुकडे), प्रत्येकात २३५२ बाइट आवाज. मधला एखादा नमुना वाचता आला नाही, तर प्लेयर आजूबाजूच्या आवाजावरून भर घालतो. कानाला कळत नाही. संगणकाच्या फाईलला असा अंदाज चालत नाही. म्हणून १९८३च्या सीडी-रॉम प्रमाणकाने त्याच २३५२ बाइटांतून जागा काढली: १२ सेक्टरची सुरुवात ओळखायला, ४ पत्त्याला, २८८ मुख्यतः चुका शोधून दुरुस्त करायला. फाईलींसाठी उरले २०४८. पुढे १९८८मध्ये आयएसओ ९६६० ने फाईल-फोल्डरांची मांडणी या तुकड्यांवर बसवली. इमेजला ‘आयएसओ’ म्हणतात ते यावरूनच.

डीडी सीडीपेक्षा जुनं, १९७४च्या युनिक्समधलं. समोर आलेले बाइट उचलून दुसरीकडे ठेवणं एवढंच त्याचं काम. त्यामुळे ब्लॉक साईज, म्हणजे एका वेळी किती बाइट उचलायचे ते, २०४८ असं आपणच सांगायचं. किती ब्लॉक वाचायचे तेही सांगितलेलं बरं: आयएसओइन्फो (isoinfo) या कमांडला ‘डी’ (-d) पर्याय देऊन ‘व्हॉल्यूम साईज’चा आकडा घ्यायचा आणि तो डीडीला ‘काउंट’ (count) म्हणून द्यायचा. घरी ट्रॅक-ॲट-वन्स (एका वेळी एकच ट्रॅक लिहिण्याच्या) पद्धतीने लिहिलेल्या सीडीच्या शेवटी दोन रिकामे सेक्टर राहतात, ते वाचता येत नाहीत. काउंट दिला नाही, तर सगळा मजकूर उतरूनही शेवटी एरर येते आणि चांगली इमेज खराब समजून पुसली जाते.

लग्नाची सीडी मात्र बहुधा व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी, असते. १९९३च्या या प्रकारात तासाभराहून जास्त चित्रीकरण एका सीडीत बसवायचं होतं, म्हणून व्हिडिओच्या सेक्टरमधली दुरुस्तीची जागा पुन्हा चित्रालाच दिली: २०४८ऐवजी २३२४ बाइट. पहिला ट्रॅक साध्या फाईलींचा असल्याने सीडी उघडते, चित्रीकरणाची डॅट (.DAT) फाईलही दिसते. पण कॉपी करायला गेलं की ड्राइव्हकडे २०४८चा तुकडा मागितला जातो आणि तसा तो तिथे नसतोच. अशा सीडीला डीडी लावून उपयोग नाही. सीडीआरडीएओ (cdrdao) ही कमांड ‘रीड-रॉ’ (--read-raw) पर्यायासह वापरून पूर्ण २३५२चे सेक्टर बिन (.bin) फाईलमध्ये घ्यावेत आणि व्हीसीडीएक्सरिप (vcdxrip) या कमांडने त्यातून एमपेग, म्हणजे व्हिडिओची फाईल, काढावी.

खराब डेटा सीडीची गोष्ट निराळी. डीडीला ‘नोएरर’ (noerror, म्हणजे एरर आली तरी थांबू नको) एकटं दिलं, तर न वाचलेला सेक्टर गळतो, मागचं सगळं पुढे सरकतं आणि फाईलींचे पत्ते चुकतात. ‘सिंक’ (sync) जोडलं की तिथे शून्यं भरतात. पण ब्लॉक १ एमबीचा ठेवला असेल, तर एका सेक्टरपायी शेजारचा धड मजकूरही जातो. २००४मध्ये आलेल्या जीएनयू डीडीरेस्क्यू (ddrescue) या कमांडने हे कोडं नीट सोडवलं. ते आधी सोपं तेवढं वाचतं, अडलेले भाग मॅप फाईलमध्ये नोंदतं आणि नंतर त्यांच्याकडे वळतं. पहिल्या फेरीला ‘एन’ (-n) पर्याय द्यायचा, दुसरीला ‘आर३’ (-r3). तीच मॅप फाईल ठेवून सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालावी; एका ड्राइव्हला न दिसलेले सेक्टर दुसऱ्याला बऱ्याचदा दिसतात.

पुराच्या गाळातून निघालेली सीडी वाळण्याआधी स्वच्छ पाण्याखाली धरावी, सुकल्यावर कोरडी घासू नये. मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसावं. मजकूर चकलीसारखा गोल फिरत लिहिलेला असतो. आडवा चरा प्रत्येक फेऱ्यातला थोडासाच तुकडा खातो आणि तेवढी चूक दुरुस्त होते, गोल चरा मात्र एकाच फेऱ्यातला सलग मजकूर नेतो. छापील बाजूला त्याहून जपावं: चकाकणारा थर तिथेच, पातळ लाखेखाली असतो. तो सुटला, की कुठलीच कमांड कामाला येत नाही.