मुलाला संस्थेत ठेवण्याआधी: बालसंगोपन योजनेचा अर्ज कसा करायचा

"ताई, पोरीला तुमच्याकडे ठेवून घेता का? निदान दोन वेळचं पोटभर तरी खाईल."

आमच्या संस्थेच्या दारात हे वाक्य महिन्यातून एकदा तरी ऐकू येतं. बोलणारी बहुतेक धुणीभांडी नाहीतर हाउसकीपिंग करणारी आई असते. नवरा वारलेला, नाहीतर निघून गेलेला. हातात साडीच्या दुकानाची पिशवी आणि पिशवीत घडीवर घडी पडलेले कागद. सरकारची मदत हवी तर मूल सरकारच्या हवाली करावं लागतं, असा तिचा समज असतो. तो चुकीचा आहे. २०१५ चा बाल न्याय कायदा मुलाची पहिली जागा घरात आहे असंच मानतो. संस्था हा शेवटचा पर्याय. मूल घरीच राहावं यासाठी महाराष्ट्रात 'क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना' आहे. पुण्यात तिचा अर्ज कसा करायचा, हे इथे सांगते.

आधी पैशांचं, कारण पहिला प्रश्न तोच असतो. पूर्वी मुलामागे महिन्याला ४२५ रुपये मिळत. २०२१ मध्ये ते ११०० झाले आणि २०२३ पासून २२५०. पुण्यात एवढ्यात खोलीचं अर्धं भाडंही सुटत नाही, हे मलाही कळतं. पण व्हॅनवाल्या काकांचे पैसे, वह्या, पावसाळ्यातलं एखादं आजारपण निघून जातं, आणि तेवढ्यावर बऱ्याच आया मुलाला आश्रमशाळेत पाठवायचा विचार सोडतात. स्वयंसेवी संस्थेमार्फत अर्ज केला तर गृहभेटी आणि कागदकामासाठी त्या संस्थेला मुलामागे २५० रुपये वेगळे मिळतात. म्हणजे फॉर्मचे, फाइलचे किंवा 'वर द्यायचे' म्हणून तुमच्याकडे पैसे मागायचं कुणालाच कारण नाही. मागितले तर उठून सरळ जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात जा. तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज थेटही देता येतो. संस्था मध्ये असलीच पाहिजे असं नाही.

मूल १८ वर्षांच्या आतलं हवं. आई-वडील दोघंही नसलेली, दोघांपैकी एक वारलेली, घटस्फोट झालेल्या किंवा एकाने सोडून दिलेल्या घरातली, कुमारी मातेची, वडील किंवा आई तुरुंगात असलेली, पालकांना कॅन्सर, कुष्ठरोग, एचआयव्ही असा मोठा आजार असलेली मुलं यात बसतात. मूल आजी, मामा, काकू अशा नातेवाइकांकडे वाढत असेल तरी चालतं. त्यासाठी दत्तक घ्यावं लागत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण 'दत्तक' हा शब्द कानावर पडला की आज्या घाबरतात. नातू कायमचा दुसऱ्याच्या नावावर जाईल असं त्यांना वाटतं. तसं काही होत नाही. नाव, जात, वारसा सगळं जिथल्या तिथे राहतं.

आता कागद. मुलाचं आणि पालकाचं आधार, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, राहत्या पत्त्याचा पुरावा, बँक पासबुकाची प्रत आणि फोटो. ही यादी कुणीही सांगेल. अडतं ते मृत्यूच्या दाखल्यावर.

मृत्यूची नोंद माणूस जिथे वारला तिथे होते, तो जिथला राहणारा तिथे नाही. बीडचा माणूस पुण्यात ससून रुग्णालयात वारला तर दाखला पुणे महापालिकेकडे मिळणार. बायको मात्र एस.टी.ने गावी जाऊन ग्रामपंचायतीत दोन चकरा मारून आलेली असते. उलटंही होतं: इथे दहा वर्षं राहिलेला माणूस आजारपणात गावी गेला, तिथेच वारला, आणि नोंद कुणी केलीच नाही. २१ दिवसांत नोंद फुकट होते, पुढे विलंब शुल्क लागतं आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तेव्हा आधी गावच्या माणसाला फोन करून नोंद झाली आहे का एवढंच विचारा. मोठ्या दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर ते स्वतः कळवतात. चिंता घरी झालेल्या मृत्यूची.

दुसरी अडचण नावांची. मागच्या वर्षीची एक फाइल सांगते. आधारवर मुलगा 'साई', शाळेत 'साईराज', जन्मदाखल्यावर नावाची जागा रिकामी. आईचं बँक खातं माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. सगळे कागद खरे, पण एकमेकांना ओळखत नव्हते. आम्ही सगळ्यात आधी जन्मदाखल्यावर शाळेतलं नाव चढवून घेतलं, त्यावरून मुलाचं आधार, मग बँक. या क्रमाने गेलं की काम एकदा होतं. आधी आधार बदलायला गेलात तर पुरावा कशाचा देणार?

उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून किंवा 'आपले सरकार'वरून काढता येतो. कोणत्या तहसीलचा, याकडे नीट बघा. धायरी महापालिकेत आली तरी तहसील हवेलीच. हा दाखला साधारणपणे ३१ मार्चपर्यंतच चालतो. फेब्रुवारीत काढून ठेवलात तर दोन महिन्यांत पुन्हा रांगेत उभं राहावं लागेल.

पत्त्याचा पुरावा हे पुण्यातल्या भाडेकरूंचं खास दुखणं. आधारवर गावचा पत्ता, राहणं जनता वसाहतीत, भाडेकरार नाहीच. अशा वेळी आम्ही घरमालकाचं पत्र आणि त्याचं लाईटबिल जोडतो आणि गृहभेटीच्या अहवालात सगळं स्पष्ट लिहितो. करार असेल तर अकरा महिन्यांनी खोली बदलल्यावर नवा पत्ता कळवायला विसरू नका; कार्यकर्ती जुन्या दारावर थाप मारून परत येते आणि फाइल खाली जाते.

नवरा सोडून गेलेल्या बाईकडे दाखवायला कागदच नसतो. ती सगळ्यात जास्त अडते, आणि म्हणून अर्जच करत नाही. पोलीस चौकीत कधी तक्रार दिली असेल, पोटगीचा दावा लावला असेल, तर त्याची प्रत आणा. नसेल तर काय घडलं ते तारखांसह साध्या कागदावर लिहून द्या. शेजारी आणि शाळा काय सांगतात, ते गृहभेटीत नोंदवता येतं. वडील तुरुंगात असतील तर कारागृहाचा दाखला, आजार असेल तर सरकारी दवाखान्याचे कागद. एचआयव्हीचा कागद बंद पाकिटात द्या. तो सगळ्यांसमोर टेबलावर पसरायची गरज नाही, आणि कुणी पसरायला लावला तर नाही म्हणा.

फोटोबद्दल. मुलाचा पालकासोबत, राहत्या घरासमोर काढलेला फोटो लागतो. ताडीवाला रोडवरच्या एका आजीने त्यासाठी उंबरठा धुतला, दारातलं पाण्याचं निळं पिंप आत ओढलं, नातीला शाळेचा फ्रॉक घातला आणि कपाळावरचा पदर तीनदा सारखा केला. मी म्हटलं, आजी, पिंप राहू द्या, घर जसं आहे तसंच दिसायला हवं. "लोक काय म्हणतील?" म्हणाल्या. पिंप आतच राहिलं.

गृहभेटीला लोक चौकशी समजतात. येणारी कार्यकर्ती टीव्ही केवढा आहे ते मोजायला येत नाही. मूल कुठे झोपतं, शाळेत जातं का, आई कामाला गेली की त्याच्याजवळ कोण असतं, घरात कुणी दारू पिऊन मारतं का, हे ती बघते आणि मुलाशी थोडं एकटं बोलते. त्या वेळी आईने दारात उभं राहून उत्तरं पुरवू नयेत.

अहवाल झाला की फाइल बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत आदेश देणाऱ्या समितीपुढे जाते. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला; अंतिम आदेशाला निदान तिघं हजर लागतात. समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असले तरी हे कोर्ट नव्हे, वकील लागत नाही. मुलाला सोबत न्या. शाळा बुडू नये म्हणून तारीख आधी विचारून घ्या. कायद्यात सामाजिक तपासणीला पंधरा दिवस आणि अंतिम आदेशाला चार महिने अशी मुदत आहे. फाइल त्याच्या पुढे रेंगाळली तर पोच दाखवून विचारा. अर्ज देताना शिक्का मारलेली पोच घ्यायला सांगते ती याचसाठी. तोंडी 'दिलाय हो ताई' यावर कुणालाच शोधता येत नाही.

जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातच मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेचं प्रायोजकत्वही असतं, म्हणजे घरी राहणाऱ्या मुलासाठी दरमहा मदत; त्यात महिन्याला ४००० रुपये. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न शहरात ९६,००० आणि ग्रामीण भागात ७२,००० च्या आत लागतं. पुण्यात दोन घरची कामं धरणारी बाईसुद्धा ही मर्यादा ओलांडू शकते. एका मुलाला दोन्ही एकदम घेता येत नाहीत, तेव्हा कशात बसता ते अर्जाआधीच विचारा.

मंजुरीनंतर पैसे खात्यात येतात, पण पगारासारखे एक तारखेला नाही. अनुदान आलं की काही महिन्यांचे एकदम जमा होतात, म्हणून त्यावर हप्ता बांधून घेऊ नका. खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे बँकेत विचारून ठेवा. 'आधार दिलंय' आणि 'आधार जोडलंय' यांत फरक असतो. दर जूनमध्ये नवं बोनाफाईड द्यायचं. मूल अठरा पूर्ण झालं की लाभ थांबतो.

आणि घरात मुलाला मारहाण होत असेल, कुणी त्रास देत असेल, तर यातल्या एकाही कागदाची वाट बघू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर फिरवा. तो नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो.