प्राणी घटणं आणि प्रजाती नामशेष होणं

डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेच्या २०२४च्या ‘लिव्हिंग प्लॅनेट’ अहवालातला ७३ टक्क्यांचा आकडा अनेकांनी ‘पन्नास वर्षांत ७३ टक्के प्राणी संपले’ असा वाचला. अहवाल तसं म्हणत नाही. १९७० ते २०२० या काळात, ज्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या त्या पृष्ठवंशी प्राण्यांच्या समूहांची संख्या सरासरी इतकी घटली, एवढंच तो सांगतो. त्यातून किती प्रजाती संपल्या हे कळतच नाही.

घट म्हणजे डोकी कमी होणं. नामशेष होणं म्हणजे शेवटचं डोकंही जाणं. सन १५०० पासून सस्तन प्राण्यांच्या साधारण ८० प्रजाती कायमच्या गेल्या, म्हणजे एकूण प्रजातींच्या एक टक्क्याच्या जरा वर. हा आकडा ऐकून कुणी निश्चिंत होणार असेल, तर थांबा. एक जीव उरला तरी आययूसीएनच्या (निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत ती प्रजाती जिवंतच असते. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याचंच बघा (ही खरं तर उपप्रजाती). सुदान हा शेवटचा नर २०१८मध्ये मेला. केनियात उरल्या आहेत फक्त दोन माद्या. तरी तो अजून ‘नामशेष’ नाही.

उलट, घट झाली की शेवट ठरलेलाच, असंही नाही. कझाकस्तानात २०१५मध्ये काही आठवड्यांत दोन लाखांहून अधिक सायगा हरणं जिवाणूच्या संसर्गानं मेली. २०२३पर्यंत ती ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून बाहेरही आली. सायगाच्या मादीला बहुधा जुळी होतात, गेंड्याला सोळा महिन्यांच्या गर्भारपणानंतर एकच पिल्लू. म्हणजे पिढी वाढण्याचा वेग प्रत्येकाचा वेगळा. म्हणूनच आययूसीएन घट मोजताना दहा वर्षं किंवा तीन पिढ्या, यांतला जो काळ मोठा तो धरते. ते मला पटतं.

मग घटीचा शेवटाशी संबंध काय? प्राणी थोडे उरले की जोडीदार सापडत नाही, नात्यातच वीण होते, एखादी साथ सगळ्यांना नेते. स्टेलरची समुद्रगाय (समुद्रात राहणारा अजस्र सस्तन प्राणी) १७४१मध्ये युरोपीयांना दिसली, तेव्हाच ती रशियाच्या पूर्वेकडच्या कमांडर बेटांभोवती थोडकी उरली होती. शिकाऱ्यांनी २७ वर्षांत तीही संपवली.

मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातातला वाकिटा (डॉल्फिनसारखा छोटा सागरी सस्तन प्राणी) आज जेमतेम दहाच्या आसपास आहे. २०२२च्या जनुकीय अभ्यासानुसार नात्यातल्या विणीमुळे तो बुडेलच असं नाही. त्याला मारतात ती टोटोआबा माशासाठी टाकलेली जाळी.