लो-कॉस्ट एअरलाईनचा दुय्यम विमानतळ

तिकिटावर नाव मोठ्या शहराचं आणि विमान उतरतं भलत्याच गावाजवळ, तो बहुतेक वेळा दुय्यम विमानतळ असतो, म्हणजे शहराच्या मुख्य विमानतळाऐवजी वापरलेला दुसरा. यात सगळ्यात गाजलेली कंपनी म्हणजे आयर्लंडची रायनएअर. पॅरिससाठी बोव्हे (शहरापासून साधारण ८५ किमी), स्टॉकहोमसाठी स्काव्हस्टा (१०० किमी), ओस्लोसाठी तोर्प (११० किमी) आणि फ्रँकफर्टसाठी हान (१२० किमी). मुंबईचं तिकीट काढून लोणावळ्याला उतरलात तर ते बोव्हे, आणि हानच्या हिशोबाने तर तळेगावच येतं.

आडगावात विमानतळाचं भाडं कमी म्हणून हे करतात असं बऱ्याच जणांना वाटतं, ते खरंय पण अर्धंच. खरी बचत जमिनीवरच्या वेळेची. विमान उभं असलं की ते कमवत नाही, उलट त्याचा हप्ता चालूच असतो, म्हणून रायनएअरने उतरल्यापासून परत निघेपर्यंत २५ मिनिटं हे गणित धरलं. मोठ्या विमानतळावर हे जमणं कठीण, तिथे आधी उतरायची लाईन, मग टॅक्सीवेवर (धावपट्टीवरून टर्मिनलकडे यायच्या रस्त्यावर) लाईन, मग गेट रिकामं व्हायची वाट. लहान ठिकाणी विमान उतरतं ते थेट टर्मिनलसमोर येऊन थांबतं, पुढचा-मागचा दोन्ही दरवाजे उघडतात आणि लोक चालत खाली येतात, एअरोब्रिज (टर्मिनलमधून विमानाच्या दाराला लागणारा बंद पूल) नाहीच, कारण त्याचे पैसे पडतात. पुढच्या दरवाजाची शिडीसुद्धा विमानातच बसवलेली. आत सीटला मागे टेकता येत नाही, समोर खिसा नाही (म्हणजे त्यात कोंबलेले रॅपर काढत बसायला नको) आणि सेफ्टी कार्ड सीटच्या पाठीवरच चिकटवलेलं. असं फेरीमागे थोडं थोडं वाचलं की त्याच विमानाची दिवसात एखादी फेरी जास्त होते.

मग येते घासाघीस. हान हा अमेरिकन हवाई दलाचा तळ होता, ते १९९३ मध्ये गेले आणि मागे लांबलचक धावपट्टी तेवढी राहिली. वर रात्रीची बंदी नाही. अशा ठिकाणी वर्षाला लाखो प्रवासी आणतो म्हणणारा माणूस आला तर त्याला नाही कोण म्हणेल? विमानतळाचा हिशोब असा की लँडिंगचे पैसे सोडले तरी पार्किंग, कॉफी, भाड्याच्या गाड्या यातून निघतील. बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या दक्षिणेला शार्लरवाला असंच झालं, तिथल्या वालोनिया प्रांताने २००१ मध्ये रायनएअरला १५ वर्षांसाठी लँडिंगच्या दरात जवळपास निम्मी सूट दिली, वर जाहिरातीला पैसेही दिले. युरोपियन कमिशनने २००४ मध्ये यातला काही भाग बेकायदा सरकारी मदत ठरवला, तर २००८ मध्ये कोर्टाने तो निर्णयच रद्द केला.

प्रवाशाच्या बाजूने बघितलं तर बऱ्याचदा चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हानहून फ्रँकफर्टला बसने पावणेदोन तासाच्या आसपास, म्हणजे कधीकधी विमानात बसलो त्यापेक्षा बसमध्ये जास्त. तरी विद्यार्थी आणि वीकेंडवाले जातातच, त्यांच्याकडे वेळ असतो, पैसे नसतात.

पण दुय्यम म्हणजे लांबच असं काही नाही. या सगळ्याचा मूळ नमुना अमेरिकेतल्या साऊथवेस्ट या विमान कंपनीचा, त्यांनी १९७१ मध्ये डॅलसच्या लव्ह फील्डवरून सुरुवात केली, बाकीच्या कंपन्या १९७४ मध्ये नव्या मोठ्या विमानतळावर गेल्या आणि हे कोर्टात भांडून जुन्याच जागी राहिले, जी शहराला जास्त जवळ होती. रोमचा चाम्पिनोही मुख्य फ्युमिचिनोपेक्षा शहराजवळच आहे. ईझीजेट ही ब्रिटिश कंपनी १९९५ मध्ये लंडनजवळच्या लुटनहून सुरू झाली खरी पण पुढे लंडनचा गॅटविक, पॅरिसचा ओर्ली, ॲमस्टरडॅमचा स्किपोल असे मोठेच विमानतळ धरले, कारण ऑफिसच्या कामाला जाणारा माणूस वेळेसाठी जास्त पैसे मोजतो. रायनएअरलाही हे उशिरा का होईना पटलं, २०१० मध्ये बार्सिलोना, २०१४ मध्ये ब्रसेल्स आणि २०१७ मध्ये थेट फ्रँकफर्टच्या मुख्य विमानतळावर त्यांची विमानं आली. हान चालवणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. एकाच गिऱ्हाईकावर दुकान चालवलं की हा धोका असतोच.

भारतात हा खेळ फारसा जमला नाही. मोठ्या विमानतळांचे दर एरा ही नियामक संस्था ठरवते, त्यामुळे घासाघीशीला जागा कमी, आणि जुन्या विमानतळापासून १५० किमीच्या आत नवा काढायचा तर केंद्राकडून वेगळी मंजुरी लागते. म्हणून इंडिगो काय आणि महागडी कंपनी काय, उतरतात एकाच ठिकाणी. नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ ला उड्डाणं सुरू झाली तीसुद्धा स्वस्ताईसाठी नाही, मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात म्हणून एका वेळी एकच चालते आणि तिथे जागाच उरली नव्हती. गोव्यात जानेवारी २०२३ पासून दाबोळीच्या जोडीला मोपा आहे. पणजीवाला त्याला लांब म्हणतो, पण मोपा पेडण्यात, अगदी महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, त्यामुळे बांदा-सावंतवाडीकडच्या माणसाला दाबोळीच आडगावात आहे.