अन्ननलिका पुन्हा अरुंद झाल्यास जनआरोग्य योजनेतून उपचार: मंजुरी नेमकी कुठे अडते?

अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर जोडाची जागा आकसून घास अडकू लागला, की एंडोस्कोपीतून फुगा घालून ती टप्प्याटप्प्याने रुंद करावी लागते. हा उपचार बहुधा एका वेळेत संपत नाही, आणि नातेवाईक मात्र पहिली मंजुरी मिळाली म्हणजे पुढचे सारे मार्गी लागले असे समजून बसतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत दर वेळी दाखल होताना नवी पूर्वमंजुरी लागते.

पात्रतेसाठी शिधापत्रिका आणि आधार पुरते. संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे आहे. शिधापत्रिका आणि आधारवरील नावात फरक असल्यास तो आधी दुरुस्त करून घ्यावा. अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयातील आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) नोंदणी करतो.

खरी अडचण असते ती मूळ शस्त्रक्रियेच्या कागदांची. डिस्चार्ज कार्ड हरवलेले असते, आणि वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार नोंदी ३ वर्षे जपण्याचेच बंधन असल्यामुळे जुनी फाइल मिळेलच असे नाही. नोंद शिल्लक असेल तर मागणीनंतर ७२ तासांत ती देणे त्याच नियमांनी बंधनकारक आहे. म्हणून तोंडी विचारणा करून परत येऊ नये, लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. शस्त्रक्रिया कर्करोगासाठी झाली असेल तर अरुंद जागेचा बायोप्सी अहवाल जोडावा, कारण रोग उलटला आहे का, हा मंजुरीसाठी कागद तपासणाऱ्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जुनाच अहवाल जोडला, तर पुन्हा उपचार का, याचे उत्तर कागदावर कुठेच सापडत नाही. ‘अरुंद आहे’ एवढ्या शेऱ्याने भागत नाही. दातांपासूनचे अंतर सेंटिमीटरमध्ये, नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये, मागच्या वेळी कितीपर्यंत रुंद केले आणि किती दिवसांत त्रास परतला, हे डॉक्टरांकडून आग्रहाने लिहून घ्यावे. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने ५ वेळा रुंद करूनही १४ मिलिमीटर व्यास गाठता आला नाही, तर वैद्यकशास्त्र त्याला हट्टी आकुंचन मानते, आणि ही नोंद असली की स्टेरॉइडचे इंजेक्शन किंवा तात्पुरता स्टेंट (जागा उघडी ठेवणारी नळी) यांच्या मागणीला आधार मिळतो.

योजना रोकडरहित आहे. आधी पैसे भरून पावत्या घेऊन आलेल्यांना परतावा मिळत नाही, आणि हे काउंटरवर कळते तेव्हा उशीर झालेला असतो. मात्र घास अडकून पाणीही उतरत नसेल, तर कागदांसाठी थांबू नये. तातडीच्या रुग्णाला दूरध्वनीवरून पूर्वमंजुरीची सोय आहे. आरोग्यमित्र टाळाटाळ करत असल्यास योजनेच्या १५५३८८ या मदत क्रमांकावर बोलावे.

योजनेत बसत नसल्यास धर्मादाय रुग्णालयात वार्षिक १,८०,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना मोफत आणि ३,६०,००० पर्यंत सवलतीत उपचाराच्या खाटा राखीव असतात. तिथे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि त्यावरची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत सुरू झालेला उपचार एप्रिलमध्ये गेला, तर नव्या दाखल्याचा अर्ज आधीच टाकून ठेवावा.