व्होल्टेजची तूट मोजायची कुठून?

लेड हॅलाइड पेरोव्हस्काइटची (शिसे आणि आयोडीन-ब्रोमीनसारखे हॅलोजन असलेल्या, उजेड शोषणाऱ्या स्फटिकाची) सौरघट म्हणून गोष्ट सुरू होते २००९मध्ये. जपानमधल्या एका गटाने डाय-सेलमध्ये, म्हणजे रंगद्रव्याने उजेड शोषणाऱ्या घटात, त्या रंगद्रव्याच्या जागी ते वापरले आणि ३.८ टक्के कार्यक्षमता मिळवली. पण द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये ते विरघळायचे, त्यामुळे फारसे कुणी वळून पाहिले नाही. २०१२मध्ये द्रवाच्या जागी घन थर आला आणि आकडा दहाच्या आसपास गेला. त्याच वर्षी एका गटाने इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या टायटॅनियाऐवजी (टायटॅनियम डायऑक्साइड) वीज न वाहणारा अ‍ॅल्युमिनाचा सांगाडा घेतला. घट बंद पडायला हवा होता, पण व्होल्टेज उलट वाढून १.१ व्होल्टच्या घरात गेले. इलेक्ट्रॉन पेरोव्हस्काइटमधूनच वाहतात, हे त्यातून दिसले. माझ्या लेखी या विषयाचा खरा जन्म तोच.

पुढचा सगळा घोळ ‘व्होल्टेज डेफिसिट’ म्हणजे व्होल्टेजची तूट या शब्दाने घातला. बँडगॅप म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये. बँडगॅप १.६ आणि व्होल्टेज १.१, म्हणजे तूट ०.५, असे सर्रास लिहिले जाते. पण निर्दोष घटालाही पूर्ण बँडगॅपएवढे व्होल्टेज कधी मिळत नाही. १.६ बँडगॅपसाठी उष्मागतिकीने घातलेली मर्यादा साधारण १.३२ व्होल्ट आहे. त्या हिशेबाने आपली चूक फक्त ०.२२ व्होल्टची, बाकीचा तोटा निसर्गाचा. शिवाय बँडगॅप शोषणाच्या आलेखावरून काढला की क्वांटम एफिशियन्सीच्या (पडलेल्या फोटॉनांपैकी कितींचे इलेक्ट्रॉन मिळाले, त्या आलेखाच्या) कडेवरून, यानेही दोन-तीन शतांशांचा फरक पडतो, आणि रेकॉर्डचा दावा बऱ्याचदा तेवढ्याच फरकावर उभा असतो. तूट मर्यादेपासूनच मोजावी, असे मला ठामपणे वाटते. त्याला पडताळाही सोपा आहे: घट स्वतः किती उजेड परत देतो ते पाहा. ती चमक दहापट कमी झाली की साधारण ६० मिलिव्होल्ट गेले. चमक आदर्श घटाच्या एक टक्का असेल, तर १२० मिलिव्होल्ट.

ही चमक बरीचशी पृष्ठभागावरच्या दोषांत हरवते. हे ध्यानात आल्यावर लक्ष फिल्मच्या, म्हणजे पेरोव्हस्काइटच्या पातळ थराच्या, पृष्ठभागाकडे गेले. पुण्यात पाषाणला आमच्या प्रयोगशाळेत स्पिन कोटर (द्रावण काचेवर फिरवून पसरवणारे यंत्र) फिरत असतानाच क्लोरोबेंझिन या द्रावकाचा थेंब सोडावा लागतो. दोन-तीन सेकंद उशीर झाला की फिल्म धुरकट होते. वेळ साधली तर शंभर अंशांच्या हॉटप्लेटवर ती पाहता पाहता काळी, आरशासारखी होते. जुलैत मात्र ग्लोव्हबॉक्सबाहेर (कोरड्या वायूच्या बंद पेटीबाहेर) राहिलेल्या नमुन्यांच्या कडा पिवळ्या पडतात. तो पिवळा रंग लेड आयोडाइडचा.

२०१९मध्ये चीनमधल्या एका गटाने अशाच फिल्मवर फेनेथिलअमोनियम आयोडाइड हे सेंद्रिय मीठ पसरले आणि १.५३ बँडगॅपवर १.१८ व्होल्ट मिळवले. प्रमाणित कार्यक्षमता २३.३ टक्के होती. गंमत म्हणजे तो थर तापवून त्याचे द्विमितीय (पातळ पापुद्र्यांच्या रचनेचे) पेरोव्हस्काइट केले, तर फायदा घटायचा. मीठ तसेच ठेवलेले बरे. तरी पुढे कितीतरी ठिकाणी ‘द्विमितीय थराने पॅसिव्हेशन’ (पृष्ठभागावरचे दोष निष्क्रिय करणे) असेच सरसकट लिहिले गेले.

आता एकेरी घट २६ टक्क्यांपुढे गेले आहेत, सिलिकॉनच्या घटावर पेरोव्हस्काइटचा घट बसवलेले टँडेम ३४च्या आसपास. टँडेमसाठी १.६८च्या आसपासचा बँडगॅप लागतो आणि त्यासाठी ब्रोमाइड मिसळावे लागते. ब्रोमाइड जास्त झाले की उजेडात आयोडाइड आणि ब्रोमाइड वेगळे होऊ लागतात. आणि मोठा तोटा अजूनही वरच्या, इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या सी-६० (साठ कार्बन अणूंचा रेणू) थराला लागून असलेल्या सीमेवर होतो.